पाय न लागणारी हिरवळ

मार्च उजाडला की पुण्याच्या कडेच्या गृहसंस्थांमध्ये, वाघोली, उंड्री, बावधन, हिंजवडी या पट्ट्यांत, एक वाद ठरल्या वेळी सुरू होतो. टँकरच्या खेपा वाढतात, मेंटेनन्सच्या बिलात पाण्याची वेगळी ओळ येते आणि सर्वसाधारण सभेत कोणीतरी उठून विचारतो की, घरच्या नळाला दोन तास पाणी आणि लॉनला सकाळ-संध्याकाळ पाणी, हे कसे? त्यानंतरचे संवाद सगळ्यांना पाठ आहेत. एक बाजू ‘उधळपट्टी’ म्हणते. दुसरी विचारते, ‘मग काय सगळीकडे सिमेंट ओतायचे?’ तिसरा उसाचा विषय काढतो, चौथा ‘आम्ही टँकरचे पैसे मोजतो, फुकट घेत नाही’ असे ठणकावतो. सेक्रेटरी ‘कमिटी यावर विचार करील’ असे इतिवृत्तात लिहून घेतात आणि पुढचा विषय पार्किंगचा असतो. या साऱ्या गदारोळात हिरवेपणावर भरपूर बोलले जाते. पाणी कोठून येते, किती येते आणि कोठे जाते, यावर जवळजवळ काहीच बोलले जात नाही. वाद वाईट रीतीने घातला जातो आहे, तो येथे.

माझे मत असे की, ज्या हिरवळीवर कोणी पाय ठेवत नाही आणि जिला टँकरचे, बोअरचे किंवा धरणाचे पाणी घालावे लागते, ती सोसायटीने काढावी आणि तिच्या जागी दख्खनच्या कोरड्या आठ महिन्यांत तग धरणारी झाडे-झुडपे लावावीत. जेथे मुले खरोखर खेळतात, म्हातारी माणसे बसतात, तेवढा तुकडा ठेवावा. आणि गवत काढून तेथे पेव्हर ब्लॉक किंवा प्लास्टिकची हिरवळ अंथरली जाणार असेल, तर मात्र आहे ते लॉन पुष्कळ बरे. हे तिसरे वाक्य मी मुद्दाम लिहितो आहे, कारण पाणी वाचवण्याच्या नावाखाली नेमके तेच घडताना दिसते.

आधी हिशेब. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. एप्रिल-मे महिन्यांच्या कोरड्या हवेत हिरवेगार ठेवलेले गवत दिवसाला पाच-सहा मिलिमीटर पाणी सहज उडवून देते. अर्धा एकर लॉन म्हणजे सुमारे २,००० चौरस मीटर. म्हणजे त्याची रोजची तहान किमान १०,००० लिटर, एक मोठा टँकर. माळ्याने पाइप एका कोपऱ्यात सोडून दिल्यावर कडेच्या डांबरी रस्त्यावरून गेटपर्यंत जो ओघळ जातो, तो यात धरलेला नाही. शहरी माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी हे आपल्याकडचे मान्य प्रमाण आहे. त्या मापाने हा एक टँकर ७४ माणसांचा दिवस आहे. ऑक्टोबरपासून मेअखेरपर्यंतचे आठ महिने घेतले आणि थंडीतले बाष्पीभवन कमी म्हणून रोजची सरासरी चौरस मीटरला चार लिटरच धरली, तरी बेरीज १९ लाख लिटरांवर जाते. टँकरच्या भाषेत हे १९० टँकर होतात. हे गणित कोणत्याही सोसायटीला टेप घेऊन अर्ध्या तासात करता येईल. मग ते सभेत का मांडले जात नाही? कारण गेटवरच्या वहीत टँकरचा नंबर, वेळ आणि चालकाची सही असते, पण टँकर टाकीत रिकामा झाल्यावर ते पाणी कोणत्या वाटेने गेले, याची नोंद कोठेच नसते. बागेच्या लाइनला मीटर बसवलेली सोसायटी विरळा. जे मोजलेच जात नाही, त्यावर मग मतांचेच भांडण होणार.

आता विरोधातला सर्वांत वजनदार मुद्दा, उसाचा. तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. एक हेक्टर उसाला पाटपाण्याने वर्षाकाठी दोन मीटर उंचीचे पाणी लागते असे ढोबळमानाने धरले, तर ते दोन कोटी लिटर होते. आपल्या अर्ध्या एकर लॉनचे आठ महिन्यांचे पाणी त्याच्या दहाव्या हिश्शाइतकेही नाही. ‘आधी कारखान्यांना विचारा, मग आमच्या गवताला’ हे म्हणणे आकड्यांच्या दृष्टीने खरे आहे. राज्याच्या पाण्याचा प्रश्न पुण्यातली लॉने उपटून सुटणार नाही, आणि जो कोणी तसे भासवतो, तो पाण्याचे राजकारण समजून न घेता पुण्य कमावू पाहतो. पण या युक्तिवादात एक फट आहे. खडकवासल्याचा कालवा दौंड आणि इंदापूरला जातो; पुणे शहर आणि त्या तालुक्यांतले शेतकरी एकाच धरणसाखळीवर जगतात, आणि शहर ठरल्यापेक्षा जास्त पाणी उचलते ही तक्रार खालचे शेतकरी वर्षानुवर्षे करीत आले आहेत. त्यांनी ऊस कमी करावा असे सांगायला शहरातला माणूस जेव्हा जाईल, तेव्हा त्याला पहिला प्रश्न कोणता विचारला जाईल? शेतकऱ्याचा ऊस निदान त्याचे पोट तरी भरतो. आपले लॉन काय भरते? शिवाय उसाचा प्रश्न सोडवायला कारखाने, हमीभाव, सहकार, निवडणुका या सगळ्यांशी गाठ आहे. लॉनचा प्रश्न दोनशे सभासदांच्या एका ठरावाने सुटतो. मोठा अपराध शिल्लक आहे म्हणून लहान सुधारणा थांबवायची, हा तर्क आपण दुसऱ्या कोणत्या बाबतीत मान्य करतो?

हा वाद महाराष्ट्राने एकदा अगदी उघड्यावर घातला आहे. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी जात असताना मुंबई उच्च न्यायालयापुढे आयपीएलच्या खेळपट्ट्या आणि मैदाने यांचा प्रश्न आला. राज्यातल्या सामन्यांना साठ लाख लिटर पाणी लागेल, असा आकडा तेव्हा चर्चेत होता. अखेरीस १ मेचा पुण्यातला सामना सोडून ३० एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर हलवले गेले. त्या वेळीही दोन्ही बाजू आपापल्या परीने चुकल्या होत्या. सामने हलल्याने लातूरला एक हंडाही जास्त मिळाला नाही. साठ लाख लिटर हे जेमतेम पाऊण एकर उसाचे पाणी होते. दुसरीकडे ‘क्रिकेटनेच काय घोडे मारले?’ असे विचारणाऱ्यांना, दुष्काळात सार्वजनिक पाणी कशावर ओतले जाते हा विचारण्याजोगा प्रश्न आहे, हेच मान्य नव्हते. त्या खटल्याने खरी गोष्ट केली ती वेगळीच: मैदानावरचे पाणी पिण्याचे की प्रक्रिया केलेले, हे पहिल्यांदा चारचौघांत विचारले गेले, आणि संयोजकांना सांडपाण्यावर प्रक्रिया केलेले पाणी आणण्याची तयारी दाखवावी लागली. वरचा हिशेब पुन्हा पाहिला तर लक्षात येईल की, अर्धा एकर लॉन असलेल्या अवघ्या तीन सोसायट्या मिळून एका कोरड्या हंगामात तेवढेच साठ लाखांच्या आसपास पाणी पितात. त्या उन्हाळ्यात पाण्याच्या रेल्वेची छायाचित्रे हळहळून एकमेकांना पाठवणाऱ्यांपैकी कितीजणांच्या गॅलरीतून असे लॉन दिसत असेल?

यातूनच विरोधाचा दुसरा आणि माझ्या मते सर्वांत प्रामाणिक मुद्दा निघतो: ‘आमचे लॉन एसटीपीच्या, म्हणजे सोसायटीच्या सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पाच्या, पाण्यावर आहे.’ तसे खरोखर असेल, तर पाण्याच्या मापाने या लॉनविरुद्ध माझी तक्रार नाही. चारशे सदनिकांच्या, सोळाशे वस्तीच्या संकुलात रोज दीड लाख लिटरांहून अधिक सांडपाणी तयार होते. १३५ लिटरांतले ४५ लिटर फ्लशसाठी धरले जातात. म्हणजे प्रक्रिया केलेले ७२,००० लिटर शौचालयांत फिरवूनही बरेच उरते आणि अर्धा एकर गवत त्यावर खुशाल जगू शकते. कागदावर हे निर्विवाद आहे. प्रत्यक्षात काय होते, हे ज्याने एखादी कमिटी चालवली आहे त्याला ठाऊक असते. बिल्डरने हस्तांतरित केलेला प्रकल्प विजेचे बिल खातो, म्हणून सांडपाण्यात हवा सोडणारे ब्लोअर रात्री बंद ठेवले जातात. पाण्याला वास येऊ लागतो. चौथ्या मजल्यावरून तक्रार येते. फ्लशची लाइन ‘तात्पुरती’ ताज्या पाण्याच्या टाकीला जोडली जाते आणि ती तशीच राहते. निम्मी घरे रिकामी असलेल्या नव्या संकुलात तर प्रकल्प नीट चालायला लागेल इतके सांडपाणीच येत नाही. मग बागेचा पाइप कोणत्या तोटीला लावला जातो? फाटक्या ट्यूबच्या रबराने घट्ट बांधलेला तो निळा पाइप मागे मागे चालत जाऊन स्वतः पाहावा, एवढीच माझी एसटीपीच्या समर्थकांना विनंती आहे.

प्रक्रिया अर्धवट झालेले पाणी लॉनवर घालण्यात आणखी एक अडचण आहे. गवताच्या गालिच्याला पाणी सगळीकडे सारखे द्यावे लागते, म्हणजे ते फवारावे लागते. तेच पाणी झाडाला ठिबकच्या नळीने मुळाशी देता येते. ते कोणाच्या अंगावर, नाकातोंडात जात नाही. ज्या जागेवर मुले लोळतील अशी आपली कल्पना आहे, तेथेच अर्धेकच्चे सांडपाणी तुषारांनी उडवायचे, यात शहाणपण कोणते? उरलेल्या पाण्याचे काय करायचे, हा प्रश्नही फारसा अवघड नाही. शेजारी इमारत उभी राहत असते, आणि बांधकामाला प्रक्रिया केलेले पाणी वापरावे अशी महापालिकेचीच भूमिका आहे. रस्त्याकडेची झाडे उन्हाळ्यात होरपळत असतात. पाणी उरते म्हणून ते खपवायला गवत हवे, हे उलटे शास्त्र झाले.

येथे एक भेद करायला हवा, जो आपल्या सभांमध्ये कधी केला जात नाही. घरात वापरलेले पाणी आणि बागेतून उडून गेलेले पाणी सारखे नसते. पुण्याच्या न्हाणीघरांतून आणि मोऱ्यांतून बाहेर पडलेले पाणी मुळा-मुठेतून भीमेला आणि पुढे उजनीला जाते. ते आपण अत्यंत लाजिरवाण्या अवस्थेत पाठवतो, हे खरे. पण ते जाते, आणि त्याच उजनीवर सोलापूर शहर आणि कितीतरी गावे तहान भागवतात. लॉनवरून हवेत गेलेला थेंब मात्र खोऱ्यातल्या कोणाच्याच वाट्याला येत नाही. अमेरिकेतल्या नेवाडा राज्याने लास वेगास परिसरासाठी आपले सारे धोरण याच भेदावर उभे केले. तेथे घराघरांत वापरलेले पाणी जवळजवळ सगळे शुद्ध करून पुन्हा कोलोरॅडो नदीवरच्या लेक मीड जलाशयात सोडले जाते, त्यामुळे खरी गळती उघड्यावरच्या पाण्याची असते. तेथल्या जल प्राधिकरणाने मोजमापे घेतली, तेव्हा गवताला चौरस फुटामागे वर्षाला ७३ गॅलन, म्हणजे २७६ लिटर, पाणी लागत होते, तर त्या जागी लावलेल्या वाळवंटी झाडाझुडपांना सुमारे १७ गॅलन, ६५ लिटर. आधी अनेक वर्षे गवत काढणाऱ्यांना रोख अनुदान दिले गेले आणि २०२१मध्ये कायदाच झाला की, २०२६ संपल्यावर कोलोरॅडो नदीचे पाणी निव्वळ शोभेच्या गवताला घालता येणार नाही. या कायद्याचे शहाणपण त्याच्या मर्यादेत आहे. त्याने गवतावर बंदी घातलेली नाही. बागा, शाळांची मैदाने आणि लोकांची खासगी घरे त्यातून वगळली. बंदी आली ती रस्त्याच्या दुभाजकांवरच्या, कार्यालयांसमोरच्या आणि गृहसंकुलांच्या सामाईक जागेतल्या अशा गवतावर, ज्याच्यावर गवत कापणाऱ्या माणसाखेरीज कोणी चालत नाही. २०२३मध्ये कॅलिफोर्नियानेही पिण्याच्या पाण्यापुरता असाच कायदा केला.

लास वेगास वाळवंट आहे, पुणे नाही, हा आक्षेप लगेच येईल. बरोबर आहे, पुण्यात वर्षाला सातशे मिलिमीटरांच्या वर पाऊस पडतो. गंमत अशी की लंडनमध्ये त्याहून कमी, सहाशेच्या आसपास पडतो, आणि लॉन ज्या मुलखातून आपल्याकडे आले तो तोच. फरक एकूण पावसात नसून तो कसा वाटला जातो यात आहे. तेथे बाराही महिने थोडा थोडा पाऊस आणि मंद ऊन. गवत आपोआप हिरवे राहते, मेंढ्या चरल्या की कापलेही जाते. आपल्याकडे बहुतेक सारा पाऊस चार महिन्यांत उरकतो आणि उरलेले आठ महिने आकाश कोरडे. म्हणजे जे तेथे हवामानाने फुकट दिले, ते येथे पंपाने विकत घ्यावे लागते. आणि ते येथे रुजले कसे? कँटोन्मेंटच्या बंगल्यांनी, क्लबांनी आणि साहेबाच्या आवडीने. ताजमहालापुढची आजची मोकळी हिरवळ मोगलांची नाही. तेथे दाट झाडी आणि फळबाग होती, ती विरळ करून लॉन आणले ते लॉर्ड कर्झनच्या काळात. गोऱ्या व्हाइसरॉयला जे देखणे वाटले, तेच आज प्रत्येक बिल्डरच्या माहितीपत्रकातल्या चित्रात हिरव्या शाईने भरलेले असते. वसाहतीची खूण म्हणून लॉन टाकावे असे मला म्हणायचे नाही. त्या न्यायाने क्रिकेट आणि चहाही टाकावा लागेल. सौंदर्याची जी कल्पना आपल्याला स्वाभाविक वाटते ती शे-सव्वाशे वर्षांपूर्वी दुसऱ्या हवामानातून आणलेली आहे, आणि म्हणून बदलण्यासारखी आहे, एवढेच माझे म्हणणे.

त्याआधी या शहरात बाग नव्हती का? नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून नळ काढून पुण्याच्या हौदांपर्यंत पाणी आणले, आणि त्या पाण्यावर वाडे जगले. वाड्याच्या चौकात तुळशीवृंदावन, कडेला पारिजातक, आणि मागच्या परसात न्हाणीचे पाणी जेथे जाऊन मुरते तेथे केळ, अळू आणि कर्दळ. या मांडणीत प्रत्येक झाडाचा पाण्याशी संबंध ठरलेला होता. तहानलेली झाडे सांडपाण्याच्या वाटेवर, कमी पाण्याची उन्हात. आज ज्याला पाणी पुनर्वापर म्हणून पुरस्कार दिले जातात, ते परसातल्या अळवाने कोणताही ठराव न करता केलेले होते.

गवताशी माझे भांडण नाही, हेही सांगितले पाहिजे. गणपतीच्या दूर्वा ज्या हरळीच्या, ती अस्सल इथली. शेतकरी तिला शिव्या देतो, कारण ती कशानेही मरत नाही. तिला उन्हाळ्यात पाणी तोडले तर ती पिवळी पडते, वाळल्यासारखी दिसते आणि मृगाच्या पहिल्या सरींनी आठवड्याभरात हिरवी होते. तिला बारा महिने हिरवे ठेवायचा हट्ट माणसाचा आहे. सोसायट्यांत गालिच्यासारखे अंथरलेले मेक्सिकन किंवा कोरियन गवत घ्या, की हरळीचीच एखादी निवडक जात घ्या, खर्च त्या हट्टाचा आहे. मुलांच्या खेळाची जागा हरळीची ठेवावी आणि मे महिन्यात ती तपकिरी दिसेल हे मान्य करावे. मुलांना त्याचे काही वाटत नाही. तपकिरी गवतावर क्रिकेट आणखी चांगले होते. आणि मुलांच्या नावाने लॉनचा बचाव करणाऱ्यांनी आधी त्याच लॉनच्या कोपऱ्यातली ‘लॉनवर खेळण्यास सक्त मनाई आहे’ ही पाटी काढावी. ज्या हिरवळीवर खेळायला मुलांना बंदी आहे, तिचे समर्थन मुलांच्या नावाने कसे करता येते, हे मला आजवर उमगलेले नाही.

उष्णतेचा मुद्दा याहून गंभीर आहे. ओले गवत हवा थंड करते, आणि ते काढून तेथे खडी किंवा फरशी आली तर तळमजल्यावरची घरे तापतात. यात खोटे काही नाही. २०१५च्या दुष्काळात कॅलिफोर्नियात अनुदान घेऊन अंगणे खडीने भरणाऱ्यांवर नेमकी हीच टीका झाली. गवताबरोबर त्याच्या पाण्यावर जगणारी मोठी झाडेही वाळतात, हे तिकडच्या लोकांनी अनुभवले आहे. प्लास्टिकची हिरवळ तर उन्हात साठ अंशांवर तापते आणि तिच्याखालची माती मरून जाते. म्हणून बदल करताना सावली वाढली की कमी झाली, हीच कसोटी लावली पाहिजे. लॉन थंडावा देते तो रोज पाणी ओतून, आणि तरीही दुपारी एक वाजता त्याच्यावर कोणी उभे राहू शकत नाही. करंज, कडुनिंब, बेल, कांचन, आपटा यांची सावली पहिल्या दोन-तीन वर्षांच्या पाण्यानंतर जवळजवळ फुकट मिळते, आणि बहावा तर ऐन मेमध्ये, लॉनला सर्वांत जास्त पाणी लागते त्याच दिवसांत, पिवळ्या घोसांनी लगडतो. झुडपांत निर्गुडी, अडुळसा, तरवड, धायटी, कण्हेर, तगर, कुंती आहेत. कण्हेर विषारी आहे, तेव्हा ती मुलांच्या जागेपासून दूर असावी. बाकीची जिकडे तिकडे जगतात. फुलपाखरे आणि मधमाश्या कापलेल्या गवतावर काय करणार? त्यांना तरवड लागतो.

काही आक्षेप तपशिलाचे आहेत. ‘झुडपे वाढली की साप येतात’ हा त्यांतला सर्वांत लोकप्रिय. साप उंदरांमागे येतो आणि उंदीर उघड्या कचऱ्यामागे. कचऱ्याची खोली नीट ठेवावी आणि पायवाटेलगत झुडपे गुडघ्याच्या खाली छाटावीत. पोडियमचा आक्षेप मात्र खरा आहे. पुष्कळ नव्या संकुलांत बाग म्हणजे पार्किंगच्या छतावर टाकलेला फूटभर मातीचा थर असतो. तेथे वड-पिंपळ सोडाच, करंजही लावता येत नाही, मुळे वॉटरप्रूफिंग फोडतात आणि खालच्या गाड्यांवर ठिबकायला लागते. तेथे कोरफड, सदाफुली, गवती चहा, तुळस, अबोली अशी उथळ मुळांचीच झाडे हवीत आणि मोठी झाडे कुंपणालगतच्या खऱ्या जमिनीत. एकच आराखडा सगळ्या संकुलांना चालणार नाही, हे मान्य केल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

उरतो तो ‘आम्ही पैसे मोजतो’ हा मुद्दा, आणि तो मला सर्वांत खटकतो. पैसे टँकरवाल्याला मिळतात, डिझेलला मिळतात, ज्याच्या रानात विहीर आहे त्याला मिळतात. पाणी मात्र त्या एकट्याच्या विहिरीतले नसते. राज्याचा बहुतांश भाग काळ्या कातळाचा. त्याच्या भेगांत आणि मुरमाच्या थरात जे थोडे पाणी साठते, ते शेजारच्या दहा विहिरींचे मिळून असते. एकाने रोज पंधरा टँकर उपसले की बाकीच्यांच्या विहिरी जानेवारीतच तळ दाखवतात. त्या विहिरींवर अवलंबून असलेल्या बाईने कोणाकडून पैसे घेतले? १९७२च्या दुष्काळानंतर पुण्याला लागून असलेल्या पुरंदर तालुक्यात, नायगावात, विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग उभा केला, तेव्हा त्यांनी हाच प्रश्न मुळातून सोडवला होता. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता घरातल्या माणसांच्या प्रमाणात द्यायचे, भूमिहीनालाही त्यात वाटा ठेवायचा, आणि त्या पाण्यावर ऊस घ्यायचा नाही. ज्याच्याकडे जास्त जमीन आणि जास्त पैसा, त्याला जास्त पाणी, हे तत्त्व त्या उजाड गावाने नाकारले. पन्नास वर्षांनंतर त्याच पुण्याच्या दुसऱ्या टोकाला सुशिक्षित माणसे तेच तत्त्व अभिमानाने मांडतात, हे मला विचित्र वाटते.

अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने याच्या पुढचे पाऊल टाकले. तेथे दरवर्षी पाऊस मोजून ग्रामसभेत पाण्याचे अंदाजपत्रक मांडले जाते. आधी माणसे आणि जनावरे, मग पिके, आणि पाऊस कमी झाला तर कोणते पीक घ्यायचे नाही हे त्याच सभेत ठरते. ज्या सोसायटीत सनदी लेखापाल, अभियंते आणि निवृत्त अधिकारी राहतात, तिला हे जमणार नाही असे मानायचे कारण काय? ऑक्टोबरमधल्या एका सभेत बोअरची पातळी, महापालिकेचे पाणी, टँकर आणि एसटीपीचे पाणी या चार आकड्यांचे एक पान मांडावे. बागेच्या लाइनला मीटर लावावे. आणि हिरवळीचा प्रत्येक तुकडा नकाशावर दाखवून त्याच्यापुढे दोनच गोष्टी लिहाव्यात, तो कोण वापरतो आणि त्याला कोणते पाणी जाते. पहिल्या रकान्यात ‘कोणी नाही’ आणि दुसऱ्यात ‘टँकर’ असे जेथे येईल, त्या तुकड्यावर मतदान घ्यायलाही फार वेळ लागू नये. मोठ्या भूखंडावर दहा टक्के मोकळी जागा सोडण्याची सक्ती विकास नियंत्रण नियमावलीत आहे. त्या जागेवर लॉनच हवे, असे ती म्हणत नाही. पर्जन्यजलसंधारण, सौरऊर्जा किंवा गांडूळखत असेल तर पुणे महापालिका मिळकतकरात पाच टक्के आणि त्यांतली एकाहून अधिक साधने असतील तर दहा टक्के सवलत देते. बागेच्या लाइनवरचे पाणी कमी करणाऱ्या सोसायटीलाही अशी काही सवलत का मिळू नये, हे महापालिकेला विचारले पाहिजे.

कामाचा क्रम मात्र चुकवू नये. ऐन मेमध्ये उत्साहाने गवत खणून तेथे रोपे लावली, तर ती मरतात आणि विरोधकांना पुढची दहा वर्षे पुरेल असा दाखला मिळतो. मार्चमध्ये पाणी तोडावे, वाळलेले गवत जागच्या जागी कुजू द्यावे, वर सोसायटीचाच पालापाचोळा पसरावा, जो आज पोत्यांत भरून कचऱ्याच्या गाडीत जातो किंवा मागच्या भिंतीशी जाळला जातो. खड्डे मेअखेर घ्यावेत आणि रोपे मृगाचे दोन चांगले पाऊस झाल्यावर लावावीत. पहिली दोन वर्षे त्यांना ठिबकने पाणी लागेल आणि बाग तेवढा काळ ओकीबोकी दिसेल. हे सभेत आधीच सांगून इतिवृत्तात लिहून ठेवावे, म्हणजे डिसेंबरात कोणी जुन्या लॉनचे फोटो घेऊन उभे राहणार नाही. एकदम सगळे काढण्याऐवजी गेटजवळच्या शोभेच्या पट्ट्यापासून सुरुवात करावी, कारण तो सर्वांत निरुपयोगी असतो आणि सर्वांना रोज दिसतो. माळ्याला ठिबकच्या नळ्या साफ करणे आणि झुडपे छाटणे शिकवायला दोन दिवसांचे पैसे वेगळे धरावेत. त्याचे काम कमी होणार नाही, बदलेल, आणि ते त्याला आधी सांगितले नाही तर जुना निळा पाइप ऑगस्टच्या उघडिपीत पुन्हा बाहेर येईल.